विश्लेषण : कुंभारवाड्यात घंटा बांधणारा उद्योजक... जोसाया वेजवुड यांना वेळेचा हिशेब कसा सापडला?

निळ्या पृष्ठभागावर पांढऱ्या उठावातल्या ग्रीक आकृत्या असलेली फुलदाणी अनेकांनी चित्रात किंवा संग्रहालयात पाहिलेली असते. ती उलटी केली तर तळाशी एक नाव उमटवलेले दिसते : वेजवुड. जोसाया वेजवुड हे इंग्लंडमधील अठराव्या शतकातले कुंभार आणि उद्योजक. चार्ल्स डार्विन यांच्या आईचे वडील, ही त्यांची दुसरी ओळख. मात्र, उद्योगांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक त्यांच्याकडे आणखी एका कारणासाठी वळतात. वर्षाला दहा पौंड भाड्याच्या जागेत सुरू केलेला धंदा मंदीत बुडण्याच्या बेताला आला असताना त्यांनी वह्या काढल्या आणि वेळ म्हणजे नेमका किती खर्च, हे आकड्यांत मांडून पाहिले. त्यातून धंदा वाचला. पण वाचवलेला तो वेळ नेमका कोणाचा होता?

बालपण चाकाजवळ, पण चाकावर नाही...

जोसाया यांचा जन्म १७३० मध्ये स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम गावी झाला. घराणे पिढीजात कुंभारांचे, भावंडे डझनभर आणि जोसाया शेंडेफळ. नऊ वर्षांचे असताना वडील गेले आणि शाळा तिथेच संपली. थोरला भाऊ थॉमस याने घरचा धंदा सांभाळला. लहानपणी आलेल्या देवीच्या साथीतून जोसाया वाचले, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला.

१७४४ मध्ये भावाकडेच पाच वर्षांच्या उमेदवारीचा करार झाला. कुंभाराचे चाक पायाने फिरवायचे आणि हातांनी मातीला आकार द्यायचा, असे हे काम. हात तयार होता, पाय साथ देईना. त्यामुळे मातीचे मिश्रण, साचे, झिलई आणि भट्टी या बाकीच्या कामांकडे त्यांचे लक्ष वळले. चाकावर बसलेल्या माणसाला फक्त आपल्या हातातले भांडे दिसते. बाजूला बसलेल्या या मुलाला सगळा कारखाना दिसत होता. उमेदवारी संपल्यावर भावाने भागीदारी नाकारली, तेव्हा त्यांना बाहेर पडावे लागले. १७५४ मध्ये त्या भागातील नामांकित कुंभार थॉमस व्हिल्डन यांच्याशी त्यांनी भागी केली.

कुंभारवाड्यात दिवस कसा जायचा?

पुढची हकिगत कळण्यासाठी तेव्हाचे बर्स्लेम डोळ्यापुढे आणायला हवे. घरामागे एक शेड, एखादी भट्टी, हाताखाली चार-सहा माणसे. एकच माणूस सकाळी माती मळे, दुपारी चाकावर बसे, कधी कान-दांडे चिकटवी, कधी झिलईत भांडी बुडवी. सोमवारी कामाला येणे हे बंधनकारक मानलेच जात नसे. रविवारची उतरली नाही, तर सोमवार सुट्टीचा. कधी मंगळवारही त्याच वाटेने जाई. मग आठवड्याच्या शेवटी रात्रंदिवस राबून राहिलेले काम उरकायचे. गावोगावच्या जत्रा आल्या की चार-चार दिवस सगळ्यांचाच खाडा. ही सवय केवळ आळसाची नव्हती. मजुरी नगावर मिळत असे. पोटापुरती झाली की माणूस थांबे. आपला दिवस कसा घालवायचा हे तो स्वतः ठरवत असे.

भट्टीला मात्र हे परवडणारे नव्हते. ती अर्धी भरून पेटवली तरी कोळसा जवळपास तितकाच जाळते आणि पूर्ण भरेपर्यंत वाट पाहिली तर कच्चा माल फळीवर पडून राहतो. एका कामगाराचा सोमवारचा खाडा शनिवारी पेटणाऱ्या भट्टीपर्यंत जाऊन पोहोचत असे.

दहा पौंड भाडे, बावीस पौंड पगार...

१७५९ मध्ये वेजवुड यांनी बर्स्लेममध्येच नातेवाइकांच्या मालकीचे ‘आयव्ही हाऊस’ भाड्याने घेतले. भाडे वर्षाला दहा पौंड. थॉमस नावाचा चुलतभाऊ वर्षाला २२ पौंडांवर कारागीर म्हणून ठेवला. एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहिला.

या काळातली त्यांची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक वही. व्हिल्डन यांच्याकडे असतानाच, १७५९ च्या आरंभी, त्यांनी प्रयोगांची नोंद ठेवायला सुरुवात केली. माती, चकमकीच्या दगडाची भुकटी, शिसे, रंगद्रव्ये यांची प्रमाणे बदलून केलेल्या हजारो चाचण्या त्यांच्या नावावर आहेत. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असे. व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे या तुकड्यांसाठी दर वेळी वेगळी भट्टी पेटवली जात नसे. विक्रीच्या मालाबरोबरच ते आत ठेवले जात आणि भट्टीत कोठे ठेवले होते तेही टिपले जाई. त्यांच्या खुणांत ‘टी. टी. बी. ओ.’ अशी अक्षरे आढळतात. त्याचा अर्थ बिस्किट भट्टीचा अगदी वरचा थर. बिस्किट म्हणजे झिलई देण्याआधीची पहिली भाजणी. कोळसा तोच, वेळ तोच, त्यातच प्रयोगही उरकायचा. आणि एकदा फसलेली गोष्ट वहीत असल्याने ती दुसऱ्यांदा करून बघण्यात आठवडा जात नसे. एकेका चाचणीचा निकाल हाती यायला भट्टी भरणे, तापणे, निवणे एवढा काळ लागत असताना ही बचत किती मोठी, हे वेगळे सांगायला नको.

या वहीतूनच सायीच्या रंगाचे, हलके आणि चकचकीत भांडे तयार झाले. १७६५ मध्ये राणी शार्लट यांच्यासाठी त्यांनी चहाचा संच बनवला आणि या मालाला पुढे ‘क्वीन्स वेअर’ हे नाव मिळाले. राणीच्या टेबलावर गेलेली वस्तू आपल्याही घरी असावी, असे सरदारांना वाटू लागले आणि त्यांच्यामागून व्यापाऱ्यांना.

रणशिंगाऐवजी घंटा...

आयव्ही हाऊस अपुरे पडल्यावर वेजवुड ‘ब्रिक हाऊस’ या मोठ्या जागेत गेले. आजूबाजूचे कुंभार कामगारांना बोलावण्यासाठी शिंग फुंकत. वेजवुड यांनी छपरावर घंटा बसवली. लोकांनी कारखान्याचे नावच ‘बेल वर्क्स’, म्हणजे घंटेचा कारखाना, असे पाडून टाकले. घंटा वाजली म्हणून लगेच माणसे वेळेवर येऊ लागली असे नाही. पण कामाची वेळ ठरवण्याचा हक्क कोणाचा, हे त्या आवाजाने गावाला कळवले.

रस्त्यात आणि रंगकामात जाणारा वेळ...

वेळ फक्त कारखान्यातच जात नव्हता. पांढरी माती इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडून जहाजाने लिव्हरपूलपर्यंत येई आणि तिथून चिखलाच्या वाटांवरून घोड्यांच्या पाठीवर. तयार माल त्याच वाटेने परत जाई आणि त्यातला कितीतरी वाटेतच फुटे. फुटलेल्या प्रत्येक बशीबरोबर ती करण्यात गेलेले सगळे तास वाया जात. १७६० च्या दशकात वेजवुड यांनी पक्क्या टोल रस्त्यांसाठी खटपट केली आणि नंतर ट्रेंट-मर्सी कालव्यासाठी कंबर कसली. संसदेची मंजुरी मिळाल्यावर जुलै १७६६ मध्ये पहिली कुदळ त्यांनीच मारली. जेम्स ब्रिंडली यांनी आखलेला हा कालवा पूर्ण व्हायला १७७७ साल उजाडले. दुकानापासून बाजारापर्यंतचा रस्ता सुधारण्यासाठी अकरा वर्षे वाट पाहण्याची तयारी ठेवणारा लहान उद्योजक विरळाच.

दुसरी अडचण रंगकामाची. हाताने चित्र काढायला कुशल माणूस आणि पुष्कळ वेळ लागे. लिव्हरपूलमधील सॅडलर आणि ग्रीन या जोडीने तांब्याच्या पत्र्यावरचे चित्र कागदावर घेऊन ते भांड्यावर उतरवण्याची पद्धत बसवली होती. १७५६ मध्ये त्यांनी सहा तासांत १२०० हून अधिक फरश्या छापल्याचे प्रतिज्ञापत्र केले होते. हे तंत्र आपल्याकडे उभारण्यात वेजवुड यांनी वर्षे घालवली नाहीत. आपली कोरी भांडी ते लिव्हरपूलला पाठवत आणि छापून परत आणत. जे काम दुसरा अधिक लवकर करतो ते त्याच्याकडे द्यावे, हा व्यवहार त्यांना चांगला कळत होता.

लिव्हरपूलच्या अशाच एका फेरीत, १७६२ मध्ये, त्यांचा तोच गुडघा दुखावला आणि कित्येक दिवस अंथरुणात काढावे लागले. तिथे डॉक्टरांनी त्यांची ओळख थॉमस बेंटली या व्यापाऱ्याशी करून दिली. सुशिक्षित, बोलका, लंडनच्या आवडीनिवडी जाणणारा हा माणूस पुढे त्यांचा भागीदार झाला. उत्पादन वेजवुड यांनी बघायचे, विक्री आणि मोठ्या लोकांतली उठबस बेंटली यांनी, अशी वाटणी झाली. दोघांतला पत्रव्यवहार अफाट आहे आणि वेजवुड यांच्या कारभाराची आज जी बारीक माहिती मिळते ती बहुतांशी त्याच पत्रांमुळे.

एट्रुरिया : एक माणूस, एक काम...

मे १७६८ मध्ये त्यांचा उजवा पाय गुडघ्यावरून कापावा लागला. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते. अफूच्या अर्कावर भागवले गेले. काही आठवड्यांत ते पुन्हा कामाच्या चौकशा करू लागले आणि पुढची सगळी वर्षे लाकडी पायावर वावरले. दर्जाला न उतरलेली वस्तू ते त्याच पायाने फोडून टाकत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, कामगारांच्या मनात त्यांची कोणती प्रतिमा होती ते तिच्यातून कळते.

१३ जून १७६९ रोजी कालव्याच्या नियोजित मार्गालगत ‘एट्रुरिया’ हा नवा कारखाना सुरू झाला. पहिल्या दिवशी बेंटली यांनी चाक फिरवले आणि वेजवुड यांनी स्वतः सहा फुलदाण्या घडवल्या. कारखान्याची आखणीच अशी होती की माती एका बाजूने आत यावी, एका दालनातून दुसऱ्या दालनात सरकत जावी आणि भरलेली खोकी कालव्याच्या काठाशी बाहेर पडावीत. उलटसुलट ये-जा नको. शोभेच्या वस्तूंचा विभाग निराळा, रोजच्या भांड्यांचा निराळा.

मोठा बदल माणसांच्या कामात होता. सगळे थोडे थोडे करणारा जुना कुंभार इथे नको होता. चाकावरच्याने चाकच चालवायचे, दांडे लावणाऱ्याने दांडेच लावायचे. सारखे तेच काम केल्याने हात बसतो, वेग येतो आणि जागा बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. १७९० मध्ये एट्रुरियात २७८ स्त्री-पुरुष-मुले होती. त्यांपैकी ठरावीक काम नेमून न दिलेली माणसे अवघी पाच होती.

१७७२ : मंदी आली आणि वह्या उघडल्या...

एवढे सगळे असूनही हा धंदा बुडू शकला असता. १७७२ च्या आरंभी फुलदाण्यांना मागणी जबरदस्त होती आणि भागीदार रोज नवे आकार काढण्यात गुंग होते. जर्मनीतल्या सरदारांना तर त्यांनी मागणी नसताना माल पाठवून दिला होता, आवडला तर पैसे येतील या भरवशावर. इंग्लंडमधली बडी गिऱ्हाइकेही उधारीवर घेत आणि सावकाश देत. जून १७७२ मध्ये लंडनमधील एक बँक कोसळली, पाठोपाठ स्कॉटलंडमधील एअर बँक अडचणीत आली आणि पत आटली. गोदामात माल भरलेला, वसुली थंडावलेली आणि मजुरी तर दर आठवड्याला द्यायची. बाहेरून भरभराटीचा दिसणारा धंदा रोख पैशासाठी तळमळू लागला.

अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे माणसे कमी करणे किंवा मिळेल त्या भावाने माल काढून टाकणे. वेजवुड आधी हिशेबाला बसले. एका फुलदाणीला नेमका किती खर्च येतो, हा साधा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. माती किती, मजुरी किती, साच्याचा वाटा किती, भट्टीचा कोळसा किती, फुटतूट किती, जागेचे भाडे, कारकुनांचे पगार, लंडनच्या दालनाचा खर्च किती. कामाच्या मजुरीचे दरपत्रक त्यांनी तयार केले. आजच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे प्राथमिक वाटेल. त्या काळी मात्र बहुतेक कारखानदार आपला भाव शेजाऱ्याचा भाव बघून ठरवत असत.

आकडे मांडत गेल्यावर त्यांना एक गोष्ट दिसली आणि ती त्यांनी बेंटली यांना कळवली. काही खर्च नगाबरोबर वाढतात, जसे माती किंवा नगावरची मजुरी. पण भाडे, साचे आणि नमुने बनवण्याचा खर्च, कारकून, भट्ट्यांची देखभाल हे खर्च घड्याळासारखे आपापले चालत राहतात. माल थोडा करा की भरपूर, ते तेवढेच. म्हणजे त्याच महिन्यात दुप्पट नग निघाले तर प्रत्येक नगावर या खर्चाचा बोजा निम्मा. उलट, सोमवारी कारखाना रिकामा राहिला तर मजुरी वाचली असे वाटते, पण भाडे आणि पगार सोमवारचेही लागतातच. आजच्या कुठल्याही दुकानदाराला हे पटकन कळेल. शटर दहाला उघडा की बाराला, महिनाअखेरचे भाडे बदलत नाही.

या एका निष्कर्षाने पुढचे बरेच निर्णय ठरले. दर आठवड्याला नवा आकार काढण्याची हौस आवरली. नव्या आकाराला नवा नमुना, नवा साचा आणि हात बसेपर्यंत वाया जाणारा माल लागतो. तो खर्च दहा-वीस नगांवर पडला तर नफा उरत नाही. त्यामुळे चालणारे आकार निवडून त्यांचे मोठे उत्पादन घेण्याकडे कल वळला. भावही नव्याने ठरले. सरदारांच्या महालांत या फुलदाण्या पुरेशा मिरवून झाल्या होत्या आणि मध्यमवर्गाने त्या पाहिल्या होत्या. आता भाव उतरवला तर गिऱ्हाईक वाढेल, नग वाढले की नगामागचा खर्च उतरेल आणि नफा टिकेल, असे हे गणित होते. नफा वाढवण्यासाठी भाव कमी करायचा, हे ऐकायला उलटे वाटते. तो आकडा काढल्याशिवाय हे धाडस करणे जुगार ठरला असता.

हिशेब तपासताना नको असलेली गोष्टही वर आली. लंडनच्या दालनातील हिशेबात गोलमाल होता आणि विश्वासू मानलेल्या कारकुनाने पैसे खाल्ले होते. मालाची नोंद एका वहीत, पैशांची दुसऱ्या वहीत आणि दोन्ही ताडून बघायला कोणालाच सवड नाही, अशी ती व्यवस्था होती. वेजवुड यांनी बर्स्लेमहून आपला भरवशाचा कारकून पीटर स्विफ्ट याला कामाला लावले, थकबाकीची वसुली हाती घेतली आणि हिशेब आठवड्याच्या आठवड्याला येईल अशी शिस्त लावली. वर्षअखेरीस कळणारा तोटा भरून काढायला फार उशीर झालेला असतो. आठवड्यात कळलेला तोटा थांबवता येतो. त्या मंदीत अनेक कारखानदार बसले, एट्रुरिया उभे राहिले.

पावणेसहाची घंटा...

वेळेचा भाव कळल्यावर ती वाया घालवणाऱ्यांकडे पाहण्याची वेजवुड यांची नजर अधिक कडक झाली. त्यांनी लिहून ठेवलेल्या सूचनांवरून एट्रुरियाचा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. पहाटे पावणेसहाला, किंवा दिवस उशिरा उजाडत असेल तर काम दिसू लागण्याच्या पाव तास आधी, पहिली घंटा. साडेआठला न्याहारीची. नऊला परत कामाची. दुपारी जेवणाची. आणि शेवटची घंटा, हातातले दिसेनासे झाले की. म्हणजे हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात मोठा.

कारखान्याच्या कारकुनाने सगळ्यांआधी हजर राहायचे आणि वेळेवर येणाऱ्यांना त्यांच्या वयाला साजेशी बक्षिसे द्यायची, असेही त्यात आहे. वयाला साजेशी, कारण येणाऱ्यांत लहान मुलेही होती. उशिरा येणाऱ्यांची नोंद होई आणि वारंवार उशीर झाला तर मजुरी कापली जाई. नगावर काम करणारा असेल तर त्याला न्याहारीच्या वेळेपर्यंत परत धाडायचे. या शिक्षेत मालकाचा पैसा जात नसे, कामगाराची सकाळ मात्र जात असे. प्रवेशद्वारापाशी नावाच्या तिकिटांवरून हजेरी घेण्याची योजनाही त्यांनी आखली. कारखान्यातल्या हजेरीच्या घड्याळाचा इतिहास सांगताना अनेक जण इथपासूनच सुरुवात करतात. कामाच्या वेळेत दारू आत आणणे, खिडक्या असलेल्या भिंतीवर चेंडू खेळणे, यांना एट्रुरियात दंड होता. कोणते नियम करावे लागले हे पाहिले की आत काय चालत असेल याचा अंदाज येतो.

याच धडपडीत त्यांनी भट्टीचाही पिच्छा पुरवला. आतली उष्णता मोजण्याचे साधन नव्हते, सगळा भरवसा भट्टीवाल्याच्या नजरेवर. थोडा अंदाज चुकला की कित्येक आठवड्यांचे काम एका रात्रीत वाया. ठरावीक मातीचा तुकडा तापल्यावर किती आकसतो यावरून उष्णता मोजण्याचे साधन वेजवुड यांनी १७८२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि पुढच्या वर्षी ते सोसायटीचे सदस्य झाले. दगड दळण्यासाठी बोल्टन आणि वॅट यांचे वाफेचे इंजिनही एट्रुरियात आले.

वाचलेला वेळ कोणाचा?

वेजवुड हे त्या काळच्या मानाने चांगले मालक होते, यात शंका नाही. कामगारांसाठी त्यांनी घरे बांधली, आजारपणासाठी निधी उभारला, कुशल माणसाला चांगली मजुरी दिली. १७८७ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी साखळदंडातल्या माणसाचे पदक त्यांनी काढले आणि ते मोफत वाटले. पण स्वतःच्या कारखान्यात माणसाने यंत्राइतके बिनचूक व्हावे अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती त्यांनी लपवली नाही. ज्या कुंभाराला एके काळी मातीपासून भाजणीपर्यंत सगळे येत होते, त्याचा नातू आयुष्यभर किटलीचे दांडे लावत बसला. सोमवारची सुट्टी गेली आणि तिच्या बदल्यात नियमित आठवडा व नियमित मजुरी आली. हा सौदा कामगारांनी मागितलेला नव्हता. झिलईतले शिसे अंगात भिनण्याचा धोका तर घड्याळाने पाळलेल्या दिवसातही तसाच होता.

१७८३ मध्ये धान्य महागले तेव्हा एट्रुरियाजवळ कालव्यात थांबलेली धान्याची नाव जमावाने ताब्यात घेतली. सैनिक आले, धरपकड झाली आणि एकाला फाशी झाली. ज्या कालव्याने वेजवुड यांचा माल लिव्हरपूलला नेला, त्याच कालव्यातून धान्यही बाहेर जात होते. वेजवुड यांनी त्यानंतर परिसरातल्या तरुणांना उद्देशून एक पुस्तिका लिहिली. आजोबांच्या काळातले हाल आणि आताची सुबत्ता यांची तुलना त्यांनी तीत केली. तुलना चुकीची नव्हती. रस्ते आले होते, घरे सुधारली होती. पण भूक लागलेल्या माणसाला आजोबांच्या हालअपेष्टांचा दाखला कितपत पटला असेल, हा प्रश्न उरतोच.

जत्रेपुढे मात्र घंटाही हरली. एट्रुरिया सुरू होऊन सात वर्षे लोटली तरी बर्स्लेमच्या जत्रेला माणसे आठवड्यातले चार दिवस गायब होत आणि वेजवुड बेंटली यांच्याकडे हताशपणे तक्रार करत.

मालक गेल्यावर...

बेंटली १७८० मध्ये गेले. वेजवुड यांनी त्यानंतर रोमन काळातल्या ‘पोर्टलंड’ फुलदाणीची नक्कल करण्यात चार वर्षे घालवली. एका फुलदाणीसाठी इतका काळ देणे त्यांच्याच हिशेबात बसणारे नव्हते. पण ती जमल्यावर प्रदर्शनाला झालेली गर्दी पाहता तो खर्च जाहिरातीच्या खात्यावर टाकता येईल. ३ जानेवारी १७९५ रोजी एट्रुरियातल्या घरी त्यांचे निधन झाले. मागे ठेवलेली मालमत्ता सुमारे पाच लाख पौंडांची असल्याचे सांगितले जाते.

ते गावाला गेले की कारखान्यात ढिलाई येते, ही तक्रार वेजवुड हयातीतही करत असत. मृत्यूनंतर ती कायमची झाली. मुलांना कुंभारकामात गोडी नव्हती. नाव आणि कारखाना ज्याच्याकडे आला तो मुलगा, दुसरा जोसाया, काही वर्षे दूर दक्षिणेत जमीनदारासारखा राहिला आणि कारभार भाचा टॉम बायर्ली याच्यावर पडला. नियम कागदावर तेच होते, घंटाही वाजत होती. उधारी मात्र पुन्हा साचू लागली आणि दुसऱ्या जोसाया यांना अखेर परतावे लागले.

कारखाना त्यानंतर दीडशे वर्षे चालला. १९४० मध्ये उत्पादन जवळच्या बार्लस्टनला हलवायला सुरुवात झाली आणि १९५० मध्ये एट्रुरिया बंद पडले. पुढे इमारती पाडल्या गेल्या. कालव्याच्या काठी असलेली विटांची एक गोल इमारत तेवढी उरली आहे.